सगळ्यांचा दुसरा नंबर

३ मार्च, सकाळ
ठरलं. सोसायटीच्या अध्यक्षपदाला उभा राहणार. अकरा वर्षं सेक्रेटरी म्हणून चार इमारतींच्या लिफ्टच्या तक्रारी निस्तरल्या, आता खुर्ची मिळायलाच हवी. समोर दोघं: दातांचे डॉक्टर आणि वकीलबाई. डॉक्टरवाले वकीलबाईंना पाण्यात पाहतात, वकीलबाईवाले डॉक्टरांना. माझ्याशी कुणाचंच वाकडं नाही.

५ मार्च
सभा. निवडणूक मास्तरांकडे (गणिताचे, रिटायर्ड). म्हणाले, टिक पद्धत घेऊ. जो जो चालेल त्याच्यापुढे टिक. प्रत्येक इमारतीने आपापल्या टिका मोजायच्या, आकडा फोनवर सांगायचा, चार आकड्यांची बेरीज, संपलं. ही काय किराणा मालाची यादी आहे? मी पसंतीक्रम मांडला. एक, दोन, तीन. पहिले नंबर सर्वांत कमी तो बाद, त्याच्या चिठ्ठ्यांवरचा दुसरा नंबर धरायचा. तो दुसरा मीच असणार. मास्तर म्हणाले, मग नुसत्या आकड्यांवर भागणार नाही, कोण बाद ते कळल्यावर पेट्या एका टेबलावर आणाव्या लागतील. आणू की! ठराव पास.

९ मार्च
घरोघरी समजावतोय. घसा बसला. ड इमारतीतल्या आजोबांनी नमुना चिठ्ठीवर तिघांनाही एक नंबर दिला. सगळीच चांगली माणसं म्हणे! कपाळावर हात मारून घेतला. बायकोला चार वेळा सांगितलं, सगळे मला दुसरा नंबर देणार, तीच तर गंमत आहे. तिने मान डोलावली. तिला तरी कळलं.

१२ मार्च, दुपारी १.१५
पहिल्या नंबराचे आकडे फोनवर आले. अ: मला दोन. क: शून्य. ड: एक. आमची ब: एक.
शेवटचा मी. बाद मी.
आणि ब मधलं ते एक माझं स्वतःचं.

१.३०
बायकोला विचारलं. म्हणाली, अहो, सगळे तुम्हाला दुसरा देणार असं तुम्हीच म्हणालात ना? मग मीच कशाला वेगळं करू? पहिला डॉक्टरांना दिला, दाढ छान काढली त्यांनी.

संध्याकाळी ६
मास्तर म्हणाले, आता तुम्ही उमेदवार नाही, म्हणजे तटस्थ. पेट्या तुम्हीच आणा. चार इमारती, क चा सहावा मजला, लिफ्ट बंद. पाठ गेली कामातून. मोजून झाल्यावर सगळ्यांनी चिठ्ठ्या परत एकत्र कोंबलेल्या. माझ्या चार शोधायला एकशे बारा चाळल्या. एकशे तीनवर दुसरा नंबर मी. टिका असत्या तर दोघांच्याही पुढे असतो. मास्तरांनी तो आकडा नुसता वहीत लिहून घेतला, त्याचाच जास्त संताप आला.
डॉक्टर अध्यक्ष. सेक्रेटरी कोण, हे कुणी विचारलंसुद्धा नाही. डॉक्टर मलाच म्हणाले, लिफ्टचं बघा.
माझा अंदाज मात्र अचूक होता. मी सगळ्यांचा दुसरा. घरातसुद्धा.