‘मुकुट’मधली ओल

३ फेब्रुवारी, सकाळी ७
आजपासून रोजनिशी. निश्चय दोन. भिंत कोरडी करणे. मेरेरिडला परत आणणे. दोन्ही १ मार्चच्या, म्हणजे संत डेव्हिडच्या दिवसाच्या आत. सोपं आहे.

मेरेरिड माझी बायको. लग्नाला एकतीस वर्षं झाली आणि नाताळपासून बाईसाहेब पबला लागून असलेल्या कॉटेजमध्ये राहतात. का, तर पबमध्ये कुबट वास येतो. म्हणते, ओल्या कुत्र्याशी संसार केला असता, पण ओल्या भिंतीशी नाही. नाटकं नुसती.

५ फेब्रुवारी
वास येतो हे खरं. शी! आज माझ्या खास खुर्चीमागे पिवळट बुरशी, आणि तिच्यावरून एक बिनशंखाची गोगलगाय थेट माझ्या बिअरच्या मगात. ओकारीच आली. अर्धीच बिअर टाकून दिली.
ओल कॉटेजकडून येते, यात शंका नाही. मेरेरिड तिथल्या दगडी भिंतींना अजून चुना फासते. अडाणीपणा. मी पबला आतून-बाहेरून सिमेंट केलं, स्वतःच्या हातांनी, सत्याण्णव साली. सिमेंट ते सिमेंट.

८ फेब्रुवारी
सिमेंटचा आणखी एक थर दिला. आता बघाच म्हणावं.
मधल्या भिंतीत एक चौकोनी झरोका आहे, त्यातून मेरेरिड संध्याकाळचं जेवण सरकवते. आज मटणाचा रस्सा, लीकची जाड कांदापात घालून. झरोका फार जुना. जुन्या काळी एक राजपुत्र शत्रूपासून पळून जाताना यातूनच गेला असणार. तो इथे जेवला होता, म्हणून तर पबचं नाव ‘मुकुट’. फरशीत मधोमध दगडी चर आहे, त्यात त्याची तलवार धुतली. पर्यटकांना बावीस वर्षं हेच सांगतोय. इतकी वर्षं सांगितलेली गोष्ट खोटी कशी असेल?

१२ फेब्रुवारी
नवा थर पडला. टेकविन मेंढपाळाच्या ताटात. तो म्हणाला, इदवल, मी मीठ मागितलं होतं, भिंत नाही. सगळे खिदळले. माणसं नव्हेत, मेंढरं आहेत.

१४ फेब्रुवारी
उपाय सापडला! वारसा खात्याला पत्र टाकलं. इमारत ऐतिहासिक ठरली की दारावर पाटी लागेल. पाटीचं घर कुठली बायको सोडेल?
झरोक्यातून मेरेरिडला सांगितलं. म्हणाली, पाटी राहू दे, छिन्नी-हातोडा घे आणि ते सिमेंट खरवड, मी पण येते हाताखाली. मी नाही म्हणालो. बायकांना इतिहासाची दृष्टी नसते.

२१ फेब्रुवारी
खात्याच्या मिसेस प्रॉबर्ट आल्या. आत येताच नाकाला रुमाल. म्हणे, दगडी भिंतींना श्वास घ्यावा लागतो, सिमेंटने पाणी आत कोंडलंय. म्हणजे ओल माझ्यामुळे! भिंत श्वास घेते म्हणे. उद्या तंबाखू मागेल.
फरशीचा उतार आणि चर बघून मात्र बाईंचे डोळे चमकले. मी तलवारीचं सांगितलं. हे कुणी सांगितलं, असं त्यांनी विचारलं. परंपरा, मी म्हणालो. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. पाटी नक्की.
मग कॉटेजमध्ये गेल्या त्या दोन तास. हसण्याचे आवाज येत होते. तव्यावरच्या गोड टिकल्यांचा वासही. मला एकही मिळाली नाही.

१ मार्च, संत डेव्हिडचा दिवस
अहवाल आला. मी उघडायच्या आत टेकविनने उघडला आणि भर पबमध्ये मोठ्याने वाचला.
पब आणि कॉटेज मुळात एकच लांब घर. वरच्या अंगाला माणसं, उताराच्या अंगाला गुरं. माणसांचा भाग म्हणजे कॉटेज, उत्तम जपलेला, पाटी त्याला. पब म्हणजे गोठा. चर शेणामुताचा. माझी खास खुर्ची बरोबर त्याच्या तोंडाशी. शी, शी, शी! आणि झरोका गुरांना चारा टाकायचा.
टेकविन हंबरला. मागोमाग सगळा पब हंबरला.

संध्याकाळी ६
झरोका वाजला. वाटलं, मेरेरिड हसेल. हसली नाही. सिमेंट काढायला घेतलंस का, एवढंच विचारलं. उद्यापासून, मी म्हणालो. बरं, म्हणाली, वाडगा सरकवला आणि झरोक्याची फळी लावून घेतली.
रस्सा गरम होता. झरोक्यापाशीच उभा राहून, मान खाली घालून सगळा संपवला.