संडासाचं दार

४ तारीख, सोमवार
मुकादम नोकरी सोडून चालला. सुंठेवाचून खोकला गेला. कसला माणूस! लाँड्रीतली बाई संडासात गेली की हा घड्याळ घेऊन बाहेर उभा. जरा वेळ झाला की दारावर थाप. 'झालं का? चादरींना इस्त्री कोण करणार, तुझा बाप?' पुरुषांच्या दाराकडे मात्र ढुंकून बघत नाही. बॉयलरवाला तर आत झोप काढून येतो. किळस येते. एकट्या मुकादमाची नाही, आमचीपण. थाप पडली की आम्ही कपडे सावरत धावतो.

मालक म्हणाले, आता बाईसुद्धा मुकादम होऊ शकते, शुक्रवारी हात वर करून निवडा. एवढं शहाणपण कुठून आलं? रविवारी मतदान आहे ना — देशाच्या घटनेत बाई आणि पुरुष सारखे असं कलम घालायचं की नाही, त्याचं. मालकांनी फाटकावर हे एवढं मोठं पोस्टर लावलंय.

मी उभी राहणार. मुकादम झाले की पहिली ती थाप बंद.

५, मंगळवार
नवऱ्याला सांगितलं. म्हणाला, 'घरात काय कमी मुकादमी करतेस?' आणि उष्टं ताट तिथेच ठेवून उठला.

६, बुधवार
कलमवाल्या बाई आल्या होत्या. छान बोलल्या. समान संधी, समान मान. आम्ही टाळ्या वाजवल्या. मी विचारलं, 'बाई, संडासाबाहेर माणूस घड्याळ धरून उभा राहतो, त्याचं काय?' गोऱ्यामोऱ्या झाल्या. 'ते सगळं कलमात आलंच, ताई.' मग मालकांबरोबर फोटो काढून गेल्या. आलंच म्हणे. कलम काय दाराला आतून लावता येतं?

माझी जोडीण — चादरीची घडी घालताना समोरचं टोक धरते ती, इतकी वर्षं तीच — म्हणाली, 'तू उभी राहू नकोस गं.' का, तर पुढची चादर उचलली. घाबरट मेली.

८, शुक्रवार
एक हात वर झाला नाही. दुसरं कोणी उभंसुद्धा नव्हतं, तरी नाही. सगळ्या मूग गिळून बसल्या. जोडीण इस्त्रीच्या वायरशी चाळा करत होती. बॉयलरवाला दात काढत होता. मी यांचं काय घोडं मारलंय? यांना कलम हवंय कशाला — थापच बरी यांना. शी.

९, शनिवार
मालकांनी आत बोलावलं. म्हणाले, 'बायांना तुम्ही नको आहात. म्हणजे तुम्हीही त्यांना पाठीशी घालणार नाही. मग तुम्हीच व्हा मुकादम. सोमवारी पेपरवाले येतायत.' आणि ते घड्याळ पुढे केलं.

घेतलं मी. रागाच्या भरात हो म्हटलं. दारावर थाप द्यायची की नाही ते माझं मी बघीन.

बाहेर आले तर सगळ्यांच्या माना खाली. बरं वाटलं. मग त्या बरं वाटण्याचीच शिसारी आली.

१०, रविवार
मत देऊन आले. कलमाला हो. नवऱ्याने काय केलं, विचारलं नाही.

११, सोमवार
कलम पास. पेपरवाल्यांनी माझा आणि मालकांचा फोटो घेतला.

नंतर जोडीण हळूच म्हणाली, 'तू नव्हतीस तेव्हा मालक आम्हाला आधीच बोलले होते. बाई मुकादम झाली की बाहेर उभं राहायला नको, सरळ आत जाऊन बघता येईल. तुला सांगितलं असतं तर तू त्यांच्या अंगावर गेली असतीस. नोकरी गेली असती तुझी. म्हणून हात खाली ठेवले आम्ही.'

मी म्हटलं, 'मी नाही गं येणार आत.'

तिने माझ्या हातातल्या घड्याळाकडे बघितलं.

आज दिवसभर एकही बाई संडासात गेली नाही.