सुहोब्रोदचा सर्च, टेस्टसकट

सोमवार, २८ एप्रिल
आजपासून रोजनिशी. मोठ्या इंजिनियरांनी विचार टिपून ठेवावेत, नंतर लोक विचारतात.

ओग्न्याननं (आमच्या प्लोव्दिवच्या पाच जणांच्या कंपनीचा मालक) सुहोब्रोदची वेबसाइट माझ्याकडे सोपवली. सुहोब्रोद हे गाव साठ वर्षांपूर्वी धरणाच्या पाण्याखाली गेलं, माणसं बल्गेरियाभर पांगली. आता एका वाचनालयानं ठरवलंय, उरलेल्यांनी आपापल्या आठवणी साइटवर लिहायच्या. लिहिणं सुरूही झालंय. मग कुणीही एखादं नाव टाकलं की ते ज्या ज्या आठवणीत असेल, ती समोर यायला हवी. उद्घाटन २४ मे, अक्षरदिनी, म्हणजे आमच्या लिपीच्या सणाला.

सर्च लिहून झालाय. उरलीय फक्त त्याची टेस्ट: आपोआप एक आठवण भरायची, तिच्यातला शब्द शोधायचा, सापडला तर हिरवं, नाही तर लाल. ओग्न्यानला म्हटलं, एक तास. तो म्हणाला, दोन दिवस घे. मनात हसलो.

संकल्प: कॉफी दिवसाला एकच.

मंगळवार, २९ एप्रिल, सकाळी ११
लाल. आठवण भरली, शोधली, निकाल शून्य. साइटवर हातानं तेच केलं तर मात्र सापडते. म्हणजे सर्च बरोबर, टेस्ट बरोबर. चूक मशीनची.

दुपारी ३
कारण कळलं. घाई. भरलेल्या मजकुराची शब्दसूची करायला डेटाबेसला वेळ लागतो, पुस्तकाच्या शेवटी असते तशी. मध्ये ‘एक सेकंद थांब’ अशी ओळ टाकली. लाल.

५.१०
पाच सेकंद. लाल.

५.४०
तीस सेकंद. लाल, पण सावकाश.

बुधवार, ३० एप्रिल
आज साठ सेकंद ठेवले. एवढा वेळ नुसतं बसून माणूस काय करणार. कॉफी: चार.

स्नेझिनाबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. वय छप्पन्न. तीस वर्षं शाळेत भाषा शिकवली, मग टेस्टिंगचा कोर्स करून जानेवारीत आमच्याकडे लागल्या. मला सगळ्यांसमोर अरे ल्युबो म्हणतात. चालवून घेतो.

त्यांनी विचारलं, तुझ्या टेस्ट संपल्या की भरलेलं सगळं पुसलं जातं ना? म्हटलं, अर्थात, ती व्यवस्था माझीच. डेटाबेसला आपण शेवटपर्यंत ‘पक्कं कर’ असं म्हणतच नाही. तर म्हणाल्या, मग तू पेन्सिलनं लिहितोयस, आणि सूची करणारा फक्त शाईनं लिहिलेलं वाचतो. या एका टेस्टपुरतं शाईनं लिही, शेवटी हातानं पूस.

शिक्षकी पेशा जात नाही अंगातून. मी त्यांना समजावलं की विषय इतका सोपा नसतो. त्यांनी मान डोलावली. जरा जास्तच वेळ डोलावली.

मंगळवार, ६ मे
सेंट गेओर्गीचा सण, सुट्टी. सासुरवाडीला कोकरू. तिसऱ्यांदा वाढून घेताना लख्ख प्रकाश पडला: टेस्टमध्ये खरा सर्च हवाच कशाला? नाटकात काय खरं विष पाजतात? सर्चच्या जागी एक तोतया उभा करायचा. काहीही विचारा, तो म्हणेल, सापडलं.

सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, बटाटे घे.

बुधवार, ७ मे
हिरवं. पाव सेकंदात.

स्नेझिनाबाईंनी कोड वाचला. चष्मा काढला, पुसला, परत वाचला.

“म्हणजे प्रश्नही तूच विचारतोस आणि उत्तरही तूच देतोस,” त्या म्हणाल्या. “मग वर्गात नापास कोण होणार?”

म्हटलं, कुणीच नाही, तोच तर फायदा. त्या उठल्या. खिडकी उघडायला गेल्या.

सोमवार, १२ मे
सगळ्या टेस्ट मिळून अकरा मिनिटं खातात, असं ओग्न्यान कुरकुरला. तपास केला. मागच्या मागे शब्दसूची भरणारं एक काम सतत चालू असतं, तेच वेळ खातं. आपल्याकडे तोतया असताना सूची हवी कुणाला? सेटिंगमध्ये ते काम बंद केलं. अकरा मिनिटांचे चाळीस सेकंद. ओग्न्याननं पाठ थोपटली. सेटिंगशेजारी मी ‘तात्पुरतं’ असं लिहूनही ठेवलं. टापटीप ही सवय असावी लागते.

संध्याकाळी नवीन आवृत्ती साइटवर चढवली. सेटिंगसकट.

गुरुवार, १५ मे
स्नेझिनाबाईंनी न विचारता स्वतःची टेस्ट लिहिली. ती शाईवाली. लाल. त्या म्हणाल्या, सर्च बिघडलाय. म्हटलं, बाई, माझी टेस्ट हिरवी आहे, म्हणजे चूक तुमच्या टेस्टमध्ये, हे साधं तर्कशास्त्र. टीममध्ये निराशा पसरू नये म्हणून तिच्यावर ‘वगळा’ अशी खूण केली. (टेस्टवर. बाईंवर तशी सोय नाही.)

संकल्प: मोठ्या मनानं वागायचं. कॉफी: पाच.

शुक्रवार, २३ मे
ओग्न्यानला डेमो. ‘गिरणी’ शोधलं: चौदा आठवणी, क्षणात. त्या सगळ्या एप्रिलमधल्या होत्या असं स्नेझिनाबाईंनी नोंदवलं. काही लोकांना यश बघवत नाही.

उद्याचं भाषण तयार. तीन वेळा ‘विश्वासार्हता’ आलंय.

शनिवार, २४ मे
वाचनालयात साठेक माणसं. बहुतेक सत्तरीच्या पुढची, हातात फुलं, एकमेकांच्या तोंडाकडे निरखून बघणारी. भाषण चांगलं झालं. मग म्हटलं, कुणाला काही शोधायचंय का?

पहिल्या रांगेतून झ्लाताआजी उठल्या. शहाऐंशी वर्षांच्या, हातात पिओनीचं एक फूल. शाळेत त्यांच्या बाकावर ग्रोझ्दाना नावाची मुलगी बसायची. गाव उठलं तेव्हा दोघींच्या गाड्या दोन दिशांना गेल्या. पुढे पत्ता नाही.

ग्रोझ्दाना. शोधा. निकाल: शून्य.

आजी म्हणाल्या, नीट बघ बाळा, कुणीतरी लिहिलं असेल. मी त्यांना सांगितलं, आणि मला वाटतं आवाजात थोडी ऐटही होती, की आमचा सर्च प्रत्येक आठवणीतला प्रत्येक शब्द बघतो. नाही म्हणाला म्हणजे नाही.

आजींनी स्क्रीनकडे पाहिलं.

“मग गेली असेल बिचारी,” त्या म्हणाल्या. “आणि आठवण काढायलाही कुणी उरलं नसेल.”

ते फूल त्यांनी माझ्या हातात दिलं. आता ते कुणाला द्यायचं, म्हणाल्या. काठी टेकत निघून गेल्या.

पुढचं थोडक्यात. स्नेझिनाबाई कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर बसल्या आणि सगळ्या आठवणी एकेक करून वाचायला लागल्या, परीक्षेचे पेपर तपासावेत तशा, शेवटून सुरुवात करून. सातव्या आठवणीत सापडलं. चार दिवसांपूर्वी लिहिलेली, बुर्गासहून. लिहिणारी ग्रोझ्दाना. पहिलंच वाक्य: माझ्या बाकावर झ्लाता नावाची मुलगी बसायची, ती कुठे असेल? खाली फोन नंबर.

बाई तो कागदावर उतरवून आजींना गाठायला बसस्टॉपकडे पळाल्या. छप्पन्नाव्या वर्षी, उंच टाचांच्या बुटांत.

मी हॉलमध्ये फूल घेऊन उभा. ओग्न्याननं विचारलं काय झालं. म्हटलं, बहुधा वाचनालयाचं इंटरनेट.

रविवार, २५ मे
इंटरनेट नव्हतं.

घरी बसून शोधलं. १२ मेनंतर लिहिलेली एकही आठवण सूचीत गेलेली नाही. एकूण त्रेचाळीस. त्रेचाळीस माणसांनी लिहिलं आणि ते कुणालाच सापडलं नसतं. सूची भरणारं काम बंद. शेजारी लिहिलंय: ‘तात्पुरतं’. खाली माझं नाव.

थोडा वेळ इतर कारणं शोधली. तिथेही निकाल शून्य.

सोमवार, २६ मे, सकाळी
काम परत चालू केलं. तोतया काढून टाकला. स्नेझिनाबाईंच्या टेस्टवरची ‘वगळा’ खूण पुसली आणि ती चालवली. हिरवी. पुसणंबिसणं सगळं धरून तीन सेकंद.

ओग्न्याननं जाहीर केलं की यापुढे टेस्टचं सगळं स्नेझिनाबाई बघतील आणि मी त्यांना विचारून काम करेन. खरं तर हे मीच सुचवणार होतो.

नाही. सुचवणार नव्हतो.

बाईंना सांगितलं, तुमचं बरोबर होतं. त्यांनी मान डोलावली, फार नाही. म्हणाल्या, ल्युबो, झ्लाताआजींना फोन कर. हा नंबर.

दुपारी ४
केला. कोणी उचलेना. तिसऱ्यांदा उचलला. मागे कुणीतरी मोठ्यानं बोलत होतं. म्हटलं, आजी, सुहोब्रोदच्या साइटवरून बोलतोय. सर्च दुरुस्त झालाय. आता ग्रोझ्दाना टाकलं की लगेच सापडेल.

त्या म्हणाल्या, आता शोधून काय करू. काल दुपारच्या बसनं आली, तेव्हापासून समोर बसून बोलतेय, थांबायचं नाव नाही. मग पलीकडे कुणाला तरी ओरडल्या की दौत तूच सांडली होतीस, मी नाही.

मग त्यांना माझी आठवण झाली. विचारलं, तू कोण रे, त्या बाईंच्या हाताखालचा का?

म्हटलं, शनिवारी स्टेजवर होतो तो.

“हां,” आजी म्हणाल्या. “तो ‘नाही म्हणजे नाही’ सांगणारा.”

म्हटलं, हो, तोच.