तीन खऱ्या गोष्टी

१ नोव्हेंबर

आले एकदाची राहे नावाच्या या बंदरगावात! अर्धं सामान अजून खोक्यांतच आहे, पण कॉफीचं यंत्र सापडलं, म्हणजे संसार लागला म्हणायचा. पिवळं लाकडी घर, समोर समुद्र, मागच्या अंगणात सॉना, वाफेच्या अंघोळीची लाकडी खोली. घटस्फोटानंतर ताम्पेरे शहरातल्या त्या दोन खोल्यांत जीव नुसता आंबून गेला होता. सोमवारपासून इथल्या वाचनालयात रुजू व्हायचंय. शेजारच्या म्हाताऱ्याने, कल्लियोने, कुंपणापलीकडून मान हलवली. इथल्या मानाने ती मिठीच झाली.

आणि आजपासून आमचं लिखाण सुरू! आउने, वाप्पू आणि मिर्का दर नोव्हेंबरला इंटरनेटवर एकाच फाइलमध्ये मिळून पन्नास हजार शब्दांची कादंबरी लिहितात. रोज दुपारी चार ते पाच, प्रत्येकीला पाव तास. यंदा पहिल्यांदा मला बोलावलंय. सात वर्षांपूर्वी लेखनवर्गात भेट झाली, तेव्हापासून या तिघी म्हणजे माझं माहेर. घटस्फोटाच्या दिवसांत मिर्का रोज फोन करून जेवलीस का विचारायची. माझ्या सख्ख्या आईने एकदाही विचारलं नाही.

चौथी जागा गेल्या वर्षी पाइवीची होती. ती कॅनडाला गेली आणि आम्हाला विसरली, असं आउने म्हणते. चालायचंच. शब्दांचा आकडा टिपून ठेवायला ही वही काढली आहे. आज १,६८०.

२ नोव्हेंबर

गटाची एक रीत आहे. प्रत्येकीने आपलं नाव कादंबरीला द्यायचं आणि सोबत स्वतःबद्दलच्या तीन खऱ्या गोष्टी लिहायच्या: घर, अंगावरची खूण आणि भीती. मग चिठ्ठी काढून एकीला नायिका करायचं. खऱ्या गोष्टींशिवाय पात्रात जीव येत नाही, असं आउनेचं मत. ती आमची कप्तान आहे, शाळेत गणित शिकवते आणि आमच्याशीही तशीच बोलते.

चिठ्ठी निघाली माझीच! वाप्पूने लगेच टोमणा मारला की बाईसाहेब पहिल्याच वर्षी नायिका झाल्या, आता कसल्या जमिनीवर चालताहेत. मी ग्रंथपाल, त्यामुळे नोंद चोख केली. पिवळं घर, पत्त्यासकट. डाव्या अंगठ्याला नख नाही, सातव्या वर्षी बर्फावरच्या घसरगाडीखाली सापडला होता. आणि भीती अशी की बाहेरून बंद केलेल्या सॉनात कोणीतरी बसलंय असं वाटतं. ही शेवटची गोष्ट मी नवऱ्यालाही कधी सांगितली नव्हती. यांना सांगताना लाज वाटली नाही.

६ नोव्हेंबर

१०,०१२ शब्द. कादंबरी छान पकड घेतेय. माझ्याच नावाची हेल्का बंदरावर एकटी राहते आणि तिच्या सॉनात ‘ते’ येऊन बसतं. ते कोण, हे अजून कोणी लिहिलेलं नाही. वाप्पूने काल लिहिलं की धुराड्यातून धूर येत होता.

आज सकाळी कामावर निघाले तर माझ्या सॉनाच्या धुराड्यातून धूर. मी शनिवारनंतर तापवलेलं नाही. आत गेले तर शेगडीवरचे दगड कोमट होते, बाकावर कोणी नाही. आत निखारा राहिला असेल. गटात सांगितलं तर तिघींनी टाळ्या पिटल्या, की बघ, आता कुठे तुझी गाडी रुळावर आली.

११ नोव्हेंबर

१८,३४०. काल मिर्काच्या वाट्याला प्रसंग होता की ते सॉनातून उठून सफरचंदाच्या झाडापर्यंत चालत येतं.

सकाळी अंगणात पांढरं दव गोठलं होतं. सॉनाच्या दारापासून झाडापर्यंत अनवाणी पावलं उमटलेली, आणि प्रत्येक पावलाखालचं गवत वितळून हिरवं झालेलं. झाडापाशी पावलं संपतात. परत फिरलेली नाहीत.

कल्लियोला विचारलं. तो म्हणाला, पोरी, या थंडीत अनवाणी फिरायला कोणाला वेड लागलंय, आणि सॉना रोज तापवतेस ते जरा जपून, लाकूड महाग झालंय.

१६ नोव्हेंबर

२६,७०५. ते पायरीवर आलंय. दुपारी खिडकीतून लाकडी पायरी ओली दिसली आणि वाफाळत होती.

गटात स्पष्ट सांगितलं, माझं नाव बदला. वाप्पू म्हणाली, घाबरट कुठली, अगं गोष्ट आहे ती. आउने म्हणाली, दहा तारखेनंतर नाव बदलत नाहीत, नियम म्हणजे नियम. फाइलमधलं काही खोडायचं तर ते फक्त तिलाच जमतं. मग माझ्या पाव तासात मीच लिहिलं की ते उठलं आणि समुद्रात निघून गेलं. तासाभराने बघितलं तर पायरी तशीच ओली. आउनेने शांतपणे कळवलं की स्वतःबद्दल स्वतः लिहिलेलं चालत नाही, दुसरीने लिहिलेलं तेवढंच लागू होतं.

लागू होतं. हाच शब्द वापरला तिने. आजपासून मी लिहिणं बंद केलं. माझ्या वाट्याचे शब्दही आता त्या तिघी भरून काढणार.

१९ नोव्हेंबर

३१,७२०. सकाळी पिशवी भरून ओउलू शहराची बस पकडली. खिडकीपाशी बसले, तिकीट हातात होतं. नंतर आठवतं ते एवढंच, की मी माझ्याच फाटकाची कडी काढत होते आणि दोन वाजले होते.

फाइल उघडली. कालच्या पानावर आउनेचं वाक्य आहे. हेल्का बसने निघाली, पण दुपारी दोनला घरी परतली.

पोलिसांना काय सांगू? माझ्या मैत्रिणी गोष्ट लिहिताहेत म्हणून?

२२ नोव्हेंबर

वाचनालयात जुनी वर्तमानपत्रं चाळली. निदान एवढं तरी मला येतं. गेल्या वर्षीचा डिसेंबर, कोक्कोला गावचं पत्र, आतल्या पानावर चार ओळी. पाइवी नावाची बाई तीस नोव्हेंबरपासून बेपत्ता. घर उघडं, कॉफी गार झालेली, निजायच्या खोलीतली जमीन ओली.

म्हणे कॅनडा!

भीती वाटते ती वेगळीच. पण आज मला आधी राग आला, आणि मग रडू आलं. मिर्काच्या खांद्यावर डोकं ठेवून मी या बाईच्या नावाने बोटं मोडली होती, की कशी गं ही, साधं पत्र नाही. मिर्का माझ्या केसांवरून हात फिरवत हो हो म्हणत होती.

२५ नोव्हेंबर

४१,६६०. ते दिवाणखान्यात आहे. दिसत नाही. पाणी तापल्या दगडावर पडावं तसा आवाज येतो.

आउनेला फोन केला. नाकारलं नाही तिने, गणित समजावून द्यावं तसं सांगितलं. दर नोव्हेंबरला त्याला एक घर द्यावं लागतं. तीस तारखेला पाचच्या आत पन्नास हजार शब्द झाले तर ते त्या घरात शेवटपर्यंत पोचतं आणि वर्षभर शांत राहतं. अपुरे राहिले तर ते लिहिणाऱ्यांकडे परत येतं. मग ती म्हणाली, हेल्का, तुला ना मूल ना बाळ, मनाला लावून घेऊ नकोस.

मनाला लावून घेऊ नकोस—

२७ नोव्हेंबर

४५,०१०. मिर्काचा फोन. खूप रडली. चारही चिठ्ठ्यांवर माझंच नाव होतं. आणि स्वतःबद्दल त्या तिघींनी लिहिलेलं सगळं खोटं, घर, खूण, भीती, सगळं. सात वर्षांत त्यांनी मला कधीच काही खरं सांगितलं नाही. कोणावर वेळ येईल सांगता येत नाही गं, म्हणून तुझ्याशी जपून वागलो, म्हणाली.

जपून!

मागून सेल्मा ओरडत होती, धर्ममाता कधी येणार, धर्ममाता कधी येणार. मिर्काची लेक, सहा वर्षांची. बाप्तिस्म्याला मीच तिला हातात धरलं होतं. मिर्काने घाईघाईने फोन ठेवला.

आता कळलं का ठेवला. सेल्मा खोटं बोलत नाही. तिच्याबद्दल मला सगळं खरं माहीत आहे.

२९ नोव्हेंबर

४८,३४५. ते स्वयंपाकघरात आलंय. मी निजायच्या खोलीत, दाराला कपाट लावून. कोरडा पाव खाते. नाव आणि तीन खऱ्या गोष्टी— माझ्या पाव तासात दुसरं नाव लिहिलं तर ते तिकडे वळेल. आउनेला विचारलं. तिने होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. म्हणजे हो.

नाही लिहिणार. नाही—

३० नोव्हेंबर

चार वाजले. आउने लिहितेय. मग वाप्पू, मग मी, मग मिर्का. प्रत्येकीचा रंग वेगळा. आउने हिरवी, वाप्पू पिवळी, मिर्का निळी.

ते दाराबाहेर आहे. दाराची फट ओली झाली.

साडेचार. ४९,५७४. माझी पाळी.

घर माहीत आहे, पत्ता तिनेच मला पाठ म्हणून दाखवला होता. उजव्या कानामागे तीळ. कचरा ओढायच्या यंत्राच्या आवाजाला घाबरते, टेबलाखाली जाऊन बसते. तिन्ही खऱ्या.

मिर्काला फोन केला, सांगितलं, सेल्माला लिहिते. ती किंचाळली. मग म्हणाली, तुझ्या पाया पडते, ती नको, मला काहीही कर. माझा पाव तास मी रिकामा सोडते. चारशे शब्द कमी पडतील, ते माझ्याकडे येऊ दे, मी भोगीन. सेल्माची शपथ घेतली. सेल्माचीच.

मी एक अक्षर लिहिलं नाही. सगळा पाव तास पान बघत बसले. सहा वर्षांची पोर ती.

पावणेपाच. मिर्काने गटात लिहिलं, हे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

पान रिकामं आहे. आकडा हलत नाही. दाराबाहेर आवाज नाही. खरंच नाही.

पाचला सहा मिनिटं कमी.

आकडा हलला.

आउने असेल. आउनेच—

निळा आहे.

ती लिहीत नाहीये, एकेक परिच्छेद आणून टाकतेय. तयार होतं तिच्याकडे. आधीपासून तयार— ४९,८१०— हेल्काने दाराला लावलेलं कपाट हळूहळू सरकलं— असं लिहिलंय, आणि कपाट—

४९,९६२

मिर्का, अगं मी तुझ्या सेल्माचं नाव नाही लिहि