खुर्चीवरची वीणा

आबा, यंदा सप्ताहाला माणसं मिळेनात म्हणून गावातून मला फोन आला. मला! फोन करणारा कोण, तर ज्यांनी माझ्या गळ्यातली वीणा काढून घेतली होती, त्या मंडळाच्या अध्यक्षांचा मुलगा. म्हणाला, "ताई, पोरं समदी कंपनीत शिफ्टला. वीणा घिऊन पहाऱ्याला कोन उभं ऱ्हाईना. तुमच्या आबांचा दुपारचा पहारा तुमीच घ्या की. आता बायकांचं चालतंय." मी विचारलं, "नंतर वीणा धुणार का?" तर म्हणाला, "कशापायी जुनं काढता, ताई?"

माझ्यासाठी ते जुनं कधी झालंच नाही. तुम्हीच शिकवलं होतंत, सप्ताह बसला की सात दिवस वीणा कुठंही टेकवायची नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात द्यायची, आणि ज्याच्या गळ्यात ती, त्यानं उभ्यानं नाम घ्यायचं. तार बदलायला तुम्ही देवळातली वीणा घरी आणायचात, तेव्हा माझ्या गळ्यात घालून बघायचात. "नाव देवाचं घ्यायचं, पन उभं आपल्या पायावर ऱ्हायाचं," असं सांगायचात. आई चुलीपुढून ओरडायची, "पोरीला काय बुवा करताय व्हय?" आणि तुम्ही हसत राहायचात.

त्या वर्षी तुम्ही तापानं अंथरुणाला खिळला होतात. तुम्हाला जमणार नाही एवढं सांगायला मी देवळात गेले. बघते तर तुमच्या आधीच्या पहाऱ्याचे म्हातारे विणेकरी ताटकळत उभे आहेत, त्यांचे पाय लटपटताहेत. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी मान पुढे केली. बस, एवढंच घडलं. नाम जेमतेम सुरू केलं तोच अध्यक्ष आले. "हिच्या गळ्यात कुनी घातली?" वीणा काढून घेतली आणि माझ्यादेखत गोमूत्रानं धुतली. तेही मी सोसलं असतं. पण दुसऱ्या दिवशी तुम्ही अंगात ताप असताना माझ्या खांद्याचा आधार घेत देवळात आलात आणि अध्यक्षांच्या पाया पडलात. "पोर हाय, तिला कळत न्हाई." परतताना मला म्हणालात, "गावाशी वाकडं घिऊन कसं चालंल, पोरी?" आबा, मला कळत होतं. त्या दिवसापासून मी देवळाची पायरी चढले नाही.

लोक म्हणतात, मोबाईलनं आणि इंग्रजी शाळांनी पोरं देवधर्मापासून तुटली. असेलही. तुम्ही गेल्यावर काही वर्षं दादानं पहारा सांभाळला. मग मंडपाच्या फ्लेक्सवर जमिनीच्या एजंटांचे चेहरे विठोबापेक्षा मोठे दिसायला लागले आणि तो राहतो त्या वराळ्याहून त्यानं येणंच बंद केलं. माझ्या लेकीचं तर काही तुटलंच नाही, कारण मी काही जोडूच दिलं नाही. लोणावळ्याच्या आमच्या घरात देव्हारा नाही. ती विचारते, "आई, तुला देव आवडत नाही का गं?" काय सांगू तिला? देवाशी माझं भांडण कधीच नव्हतं. राग माणसांचा आला आणि सुटला देव. याचं फार वाईट वाटतं, आबा.

तरी गेले. कामशेतहून जीप पकडली. भर दुपारी देऊळ रिकामं, वीणा प्लास्टिकच्या खुर्चीवर ठेवलेली आणि नाम स्पीकरवर चाललेलं. मी स्पीकर बंद केला, वीणा गळ्यात घातली आणि उभी राहिले. वाटलं होतं, कुणीतरी अडवेल. त्याला द्यायचं उत्तर इतकी वर्षं जपून ठेवलं होतं. पण अडवायला कुणी आलंच नाही. तुमचा पहारा संपला, तरी वीणा घ्यायलाही कुणी आलं नाही. पाय लटपटायला लागले तसे ते म्हातारे आठवले. कुणाची तरी पोर येईल, मान पुढे करील, म्हणून मी दाराकडे बघत राहिले.

शेवटी मीच वीणा खुर्चीवर ठेवली. हे तुम्हाला दुसरं कुणी सांगणार नाही, म्हणून लिहिलं. कागद इथेच माझ्या कपाटात राहील. एक मात्र कबूल करते. वीणा ठेवण्याआधी मी मागं वळून बघितलं, तुम्ही बघत तर नाही ना.