भागूबाईची हाक

८ डिसेंबर १९५५

आलो एकदाचा! दापोडीला गाडीतून उतरलो, खडीच्या रिकाम्या लॉरीत बसलो आणि धुळीने पिठाच्या गिरणीतल्या माणसासारखा पांढरा होऊन चऱ्होलीपुढच्या या डोंगरात पोचलो. पिंपरीकडे नवा कारखाना उभा राहतोय. त्याच्या पायाचा दगड आमच्या खाणीतून जातो, आणि आजपासून या खाणीचा व्यवस्थापक मी, ज्योतीराम फडतरे. पलटणीत होतो तेव्हा पूल बांधले, बर्फात हरवलेली माणसं हुडकली. आता दगड फोडायचे.

राहायला दगडी दोन खोल्या, वर पत्रा, दारात शेवगा. मुकादम बबनरावांनी चहा म्हणून गुळाचं गरम पाणी पाजलं. माणूस गमत्या आहे. डोंगरामागच्या घळीकडे बोट करून म्हणाले, सगळीकडं हिंडा राव, तिकडं तेवढं जाऊ नका. वाघ आहे का विचारलं, तर म्हणाले वाघ परवडला. मी हसलो, मग तेही हसले.

११ डिसेंबर

जेवणाची सोय झाली, तीही राजेशाही. वस्तीतली भागूबाई दोन्ही वेळा भाकरी करून घालते. विधवा आहे. तिचा एकुलता एक मुरारी आमच्याकडेच सुरुंगाची भोकं पाडतो. पोरगा हसरा, मला पहिल्या दिवसापासून दादा म्हणतो. आज सुट्टी, म्हणून तिघांनी शेताच्या बांधावर बसून हुरडा खाल्ला. म्हातारीने माझ्या घरची चौकशी केली. माझं कोणीच नाही म्हटल्यावर तिचे डोळे भरले. म्हणाली, “असं नगं म्हनू. आजपासनं तू माझा थोरला.”

रोजनिशीत खोटं कशाला लिहू, घरी येऊन रडलो. आई गेल्यापासून जेवायला हाक मारणारं कोणी नव्हतं. आता संध्याकाळी वस्तीच्या टोकावरून ‘ज्योती, जेवायला ये’ अशी हाक येते आणि मी खोलीतूनच ओरडतो, आलो मावशी!

१९ डिसेंबर

मुरारी हरवलाय. काल दुपारी चुकलेला बैल बघायला डोंगरामागे गेला. बैल आला, तो आला नाही.

खाण बंद ठेवली. शोधाची सूत्रं माझ्याकडे घेतली, हे काम मला येतं. डोंगराचे पट्टे पाडले. एकेका काठीच्या अंतरावर माणसं उभी केली, रांग मोडायची नाही, करवंदीची जाळी असो की खड्डा, सरळ जायचं. विहिरीत गळ टाकले. माणसं नेकीने राबली, पण सगळी मुकी! मुरारीच्या नावाने एकही हाक नाही. जखमी होऊन पडला असेल तर त्याला कळणार कसं? मी सगळ्यांवर तोंड टाकलं. बबनराव म्हणाले, घळीच्या आसपास आमी कुनाचं नाव घेत न्हाई, जुनी रीत हाय. कपाळ माझं! मी स्वतः काठावर उभा राहून घसा फुटेस्तोवर मुरारी, मुरारी ओरडलो.

एक गोष्ट मात्र चमत्कारिक. एवढी कातळाची घळ, पण आवाज परत आला नाही. गोधडीत तोंड घालून ओरडावं तसं वाटलं.

२० डिसेंबर

दोर लावून घळीत उतरलो. तळाशी मुरारीच्या वहाणा सापडल्या. देवळाबाहेर काढून ठेवाव्यात तशा, शेजारी शेजारी. त्यावर घडी घातलेलं मुंडासं. आजूबाजूच्या मातीत पावलाचा ठसा नाही.

भागूबाई रडत नाही. जेवताना माझ्याकडे बघत बसली, स्वतः काही खाल्लं नाही. मग देवापाशी सांगणं करायचंय म्हणून माझं पूर्ण नाव विचारलं. बापाचं, गावचंसुद्धा. स्वतःचा लेक बेपत्ता असताना ही बाई माझ्यासाठी देवाला साकडं घालते! मी सांगितलं, ज्योतीराम मालोजी फडतरे, दहिवडीचा. ती ते पुटपुटत पाठ करत होती.

२१ डिसेंबर

बबनराव म्हणतात, आता थांबवा. थांबवणार नाही. म्हातारीला शब्द दिलाय, मुरारीला घेऊनच येईन. घळीचा वरचा कोपरा राहिलाय. उद्या तिथे उतरतो. दोर बबनराव आणि चौघे धरतील.

२२ डिसेंबर

जमेल तसं लिहितो.

मी घळीत निम्म्यावर होतो. वरून भागूबाईची हाक आली. नुसतं ज्योती नाही. “ज्योतीराम मालोजी फडतरे, दहिवडीकर!” मला वाटलं, पोरगा सापडला. मी रोजच्यासारखा ओरडलो, आलो मावशी!

दोर सैल झाला. खाली आपटलो. कपारींना धरून कसाबसा वर आलो तर काठावर चिटपाखरू नाही. दोराचं टोक वडाला बांधलेलं असायचं, ते सोडलेलं होतं. तुटलेलं नाही. सोडलेलं.

धावत वस्तीत गेलो. भागूबाईच्या ओसरीवर मुरारी भाकरी खात बसला होता. अख्खी वस्ती भोवती. माझ्याकडे कोणी मान वर करून बघेना.

बबनरावची गचांडी धरली तेव्हा बोलला. घळ माणूस ठेवून घेते. काठावरून दुसऱ्याचं नाव बापाच्या, गावाच्या नावासकट घेतलं आणि त्याने ओ दिली, की पहिला सुटतो. मग घळ त्या दुसऱ्याला हाक मारत राहते. पुन्हा ओ दिली की गेला. “आता काय बी झालं तरी ओ देऊ नका, राव,” म्हणाला आणि हात जोडले.

मी विचारलं, परका म्हणून मला दिलंत ना? नाही म्हणून मान हलवली त्याने. “परक्याचं नाव घेऊन भागत न्हाई. आपलं मानूसच द्यावं लागतं. म्हातारीचा तुमच्यावर जीव हाय, म्हनून तर—”

थोरला म्हणाली होती मला.

२३ डिसेंबर

चऱ्होलीच्या रस्त्यावर उभा होतो. लॉरी आली. दोन्ही हात केले. ड्रायव्हर माझ्या आरपार बघत निघून गेला. बबनरावला हाका मारल्या, तो विडी ओढत राहिला. मुरारीच्या खांद्याला हात लावला. त्याने तिथे खाजवलं फक्त. ओ एकदाच दिली, तरी अर्धा त्या घळीचा झालोय मी.

२४ डिसेंबर

मला शोधतायत.

सकाळपासून रांग फिरतेय, माझीच रांग. काठीभर अंतर. सरळ. मी शिकवलं तस्सं. सरकारला दाखवायला. सगळ्यांची तोंडं बंद. कोणी माझं नाव घेत नाही.

मी रांगेपुढे उभा राहिलो. दोन्ही बाजूंनी गेले. भागूबाई थांबली. तिने माझ्या डोळ्यांत बघितलं— तिला दिसतो मी. तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि पुढे गेली. रडत होती. खरंच रडत होती. तेच सहन होत नाही.

दुपार

घळीच्या काठावर गेलो. जे तिने केलं ते मीही करू शकतो. मुरारी माझाही धाकटा— तोंड उघडलं. मुरारी— पुढे काय? त्याच्या बापाचं नाव काय?

कधी विचारलंच नाही. तिने माझं सगळं विचारलं. मी हुरडा खात बसलो.

आता कोणाला विचारू. कोणाला ऐकू जातं—

संध्याकाळ

हाक येतेय. भागूबाईचा आवाज. वस्तीकडून नाही. घळीकडून.

ओ देणार नाही. तोंडात रुमाल कोंबलाय.

पुन्हा. ज्योती, जेवायला ये.

खिडकीतून वस्ती दिसते. ती ओसरीवर आहे. मुरारीला वाढतेय. तिचं तोंड बंद आहे. म्हणजे हाक तिची नाही, तिची नाही, लिहून ठेवतो, तिची—

तिसरं ताट मांडलंय तिने. रिकामं. त्याच्याकडे बघत—

पुन्हा हाक. भाकरीचा वास. आई गेल्यापासून कोणी— ओ नाही द्यायची. नाही. रुमाल कुठे पडला. आलो मावश