टेकलेला पाय

ती. आईस,
नमस्कार. नाशपातींना कागदी पिशव्या बांधून झाल्या का? बाबांना शिडीवर चढू देऊ नकोस. माझा गुडघा छान आहे. डॉक्टर सायकल नको म्हणतात, पण ते सगळ्यांनाच म्हणतात.

टीव्हीवाले आमच्या सायकलवरच्या कसरतींचा कार्यक्रम करताहेत. दिग्दर्शक मला म्हणाला, "शिगेसान, घरी शेंगा सोलत बसलेल्या आजीलाही कळेल असं सांगा." मी तुला डोळ्यांपुढे आणून सांगितलं, "एका चाकावर गिरक्या घेताना पाय जमिनीला टेकला, की कसरत फुकट."

कसरत मात्र रुइतोने केली. विशीतला, गालावर खळी पडणारा. गिरकी माझी, बसवायला मला नऊ वर्षं लागलेली! आणि मी कोपऱ्यात माइक धरून.

मध्येच त्याचा पाय टेकला. निमिषभरच. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. दिग्दर्शक म्हणाला, "झकास! झालं काम." आई, तो चुकला याचं मला इतकं गोड वाटलं म्हणून सांगू! मी माइकवरच म्हणालो, "टेकला."

त्याने पुन्हा केली. या वेळी अशी, की मलाही कधी जमली नव्हती. वर कमरेत वाकून म्हणतो, "बरं झालं बोललात, शिगेसान. नाहीतर टेकलेलीच दाखवली असती." अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या!

रविवारी सकाळी दहाला बघ. मी दिसणार नाही, नुसता आवाज आहे. शेजारच्या हामासाकी काकूंना बोलावलंसच, तर तो पोरगा माझा शिष्य आहे म्हणून सांग.

नाहीये तो. पण सांग.

तुझा,
शिगेआकी